केबलचं दुसरं टोक

“आमचं नेट लिनक्सवर चालत नाही, दादा,” असं म्हणून केबलवाल्याचा पोरगा वायर तशीच टेबलाखाली सोडून निघाला. मी त्याला जिन्यात गाठलं. दिवाळीला सांगलीला आत्याकडे गेलो होतो, आणि दर वर्षीप्रमाणे फराळाच्या बदल्यात कॉम्प्युटरची दुरुस्ती गळ्यात पडली होती. विंडोज १० ला मिळणारी नेहमीची अपडेट्स मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली. आत्याचा जुना कॉम्प्युटर विंडोज ११ च्या अटींत बसेना, म्हणून त्यावर लिनक्स मिंट टाकलं. बाकी सगळं पहिल्या फटक्यात चाललं, अगदी प्रिंटरसुद्धा. नेट तेवढं येईना.

जिन्यात त्याला एकच विचारलं, “विंडोज असताना नेट लावायला काय टाकायचास?” त्याने मोबाइल काढला, गिऱ्हाइकांची यादी सरकवली आणि एक युजरनेम, एक पासवर्ड वाचून दाखवला. वर येऊन ते योग्य खिडकीत भरले आणि नेट सुरू झालं. म्हणजे त्याचं नेट लिनक्सवर व्यवस्थित चालत होतं. ते कुठे भरायचं, एवढंच त्याला माहीत नव्हतं, आणि ते भरावं लागतं हे मला.

म्हणून वायरचं नेट जोडताना कॉम्प्युटरच्या सेटिंगला हात लावायच्या आधी केबल हातात धरून तिच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत जा. पुढची सगळी उत्तरं तिथे असतात. टोक तुमच्याच घरातल्या वायफायच्या राउटरमध्ये किंवा फायबरच्या डबीत जात असेल, तर नव्वद टक्के काम झालंच म्हणून समजा. ते खिडकीतून बाहेर पडून गच्चीवरच्या किंवा जिन्यातल्या पेटीत जात असेल, तर गाठ केबलवाल्याशी आहे. आणि शाळेची लॅब, पतसंस्था, सरकारी कार्यालय अशा ठिकाणी ते भिंतीतल्या सॉकेटात गडप होत असेल, तर तिथल्या नेटवर्कवाल्याला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सोपा प्रकार आधी. राउटरच्या मागे चार सारखे पोर्ट असतात आणि एक वेगळ्या रंगाचा. वेगळा रंग बाहेरून येणाऱ्या नेटसाठी, चार सारखे घरातल्या यंत्रांसाठी. त्या चारांपैकी एकात वायर खोचा, दुसरं टोक कॉम्प्युटरमध्ये, ‘टक’ असा आवाज येईपर्यंत. उबुंटू, मिंट, फेडोरा यांतलं कुठलंही लिनक्स असलं तरी कोपऱ्यातलं चिन्ह काही सेकंदांत बदलतं आणि नेट सुरू होतं. राउटर आणि कॉम्प्युटर यांच्यात डीएचसीपी नावाचा छोटा संवाद होतो. कॉम्प्युटर ओरडतो, ‘कुणी पत्ता देतं का?’ राउटर एक पत्ता पुढे करतो, कॉम्प्युटर ‘हाच हवा’ म्हणतो, राउटर ‘दिला’ म्हणतो. एवढ्या चार निरोपांत सगळं ठरतं. ड्रायव्हरची सीडी शोधावी लागत नाही, कारण इंटेल, रिअलटेक वगैरे बहुतेक कार्डांचे ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच असतात.

नाही चाललं तर? तर कॉम्प्युटरच्या मागे वाका आणि पोर्टजवळचे दोन बारीक दिवे बघा. साधारणपणे एक स्थिर जळतो, दुसरा लुकलुकतो. दोन्ही विझलेले असतील, तर पडद्यावर कुठलीही सेटिंग बदलून उपयोग नाही. दोष बहुधा वायरीत, पिनेत, पोर्टमध्ये किंवा पलीकडच्या डबीत आहे. दिवे न बघता दोन-दोन तास सेटिंग उलटीपालटी करणारे लोक मी पाहिलेत. खरं सांगायचं तर सुरुवातीला मीही त्यांच्यातलाच होतो, आणि शेवटी राउटरचा प्लग बोर्डात सैल निघाला होता.

वायरीबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण आपल्याकडे ती तयार विकत आणण्याऐवजी गुंडाळीतून कापून जागेवरच पिना मारून दिली जाते. लॅनच्या वायरीत आठ तारा असतात, दोन-दोनच्या पिळलेल्या चार जोड्या. पिनेची पकड तुमच्यापासून दूर, खाली राहील आणि वायर शिरते ते तोंड तुमच्याकडे येईल अशी पिन धरली, तर डावीकडून क्रम असा हवा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना तोच. हिरव्या जोडीची फाटाफूट बघा, तिच्या मधोमध निळी जोडी बसलेली आहे. हे मुद्दाम आहे, कारण तिसरी आणि सहावी पिन मिळून एक जोडी काम करते, आणि त्या दोन्ही पिनांवर एकमेकींशी पिळलेल्याच तारा असाव्या लागतात.

घाईत पिना मारणारा काय करतो, तर केशरी जोडी, हिरवी जोडी, निळी जोडी, तपकिरी जोडी अशा ओळीने शेजारी-शेजारी लावतो. दोन्ही टोकांना सारखंच, म्हणजे चुकलं काय? टेस्टर लावला तर एकापासून आठपर्यंत सगळे दिवे क्रमाने लागतात. पण आता तिसऱ्या पिनेवर हिरव्या जोडीची तार आहे आणि सहाव्या पिनेवर निळ्या जोडीची. पिळाचा फायदा गेला, एका तारेतला गलबला दुसरीत शिरायला लागला. दोन मीटरच्या वायरीत हे कदाचित जाणवणार नाही, पण खालच्या मजल्यावरून आणलेल्या वायरीत नेट तुटत राहतं. आणि टेस्टर बिचारा ‘सगळं ठीक’ म्हणत राहतो, कारण त्याला तार जोडलेली आहे की नाही एवढंच कळतं, ती कुणाशी पिळलेली आहे ते नाही.

दुसरी गंमत वेगाची. शंभर एमबीपीएसला फक्त चार तारा लागतात, पिन एक, दोन, तीन आणि सहा. गिगाबिटला आठही लागतात. त्यामुळे निळी किंवा तपकिरी तार पिनेच्या टोकापर्यंत पोचली नसेल, तर नेट बंद पडत नाही, ते गुपचूप शंभरवर येऊन बसतं. तुम्ही तीनशेच्या प्लॅनचे पैसे भरता आणि नव्वद-पंचाण्णवच्या वर काही मिळत नाही. लिनक्सच्या नेटवर्क सेटिंगमध्ये वायर्ड जोडणीच्या तपशिलात हा वेग लिहिलेला असतो. तिथे १००० ऐवजी १०० दिसलं आणि राउटर गिगाबिटचा असेल, तर केबलवाल्याशी प्लॅनवरून भांडण्याआधी पिन उजेडात धरून बघा. पारदर्शक असते, आठही तांब्याची टोकं समोर दिसायला हवीत.

आता दिवे लागलेत, तरी नेट नाही. इथून टर्मिनल उघडायला हरकत नाही. या लेखात आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत टाकायच्या. पहिली आज्ञा ‘आयपी ए’, म्हणजे ‘आय’ आणि ‘पी’ जोडून, मग मोकळी जागा, मग ‘ए’. एंटर मारलं की यंत्रातल्या सगळ्या नेटवर्क कार्डांची यादी येते. पहिलं ‘एलओ’ नावाचं असतं. तो कॉम्प्युटरने स्वतःशीच बोलायचा मार्ग, तो सोडून द्या. त्याखाली ‘ई-एन-पी-३-एस-०’ असलं काहीतरी मंत्रासारखं नाव दिसेल. पूर्वी इथे सरळ ‘ई-टी-एच-०’ असायचं, आणि जुन्या पुस्तकांत अजून तेच आहे. पण दोन कार्डं असली की कुठलं शून्य आणि कुठलं एक, हे दर वेळी बदलू शकायचं. म्हणून २०१३ पासून कार्ड यंत्रात कुठे बसलंय त्यावरून नाव देण्याची पद्धत आली. ‘ई-एन’ म्हणजे इथरनेट, ‘पी-३’ म्हणजे तिसऱ्या क्रमांकाची पीसीआय बस, ‘एस-०’ म्हणजे शून्य क्रमांकाची खाच. तुमच्याकडचं नाव वेगळं असेल, ते तसंच कागदावर उतरवून घ्या.

त्या नावापुढे ‘नो-कॅरिअर’ लिहिलेलं दिसलं, तर कॉम्प्युटरच्या मते वायर लागलेलीच नाही, परत दिव्यांकडे जा. खालच्या ओळींत ‘आयनेट’ आणि १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता असेल, तर राउटरशी बोलणं झालेलं आहे, अडचण पुढे आहे. आणि पत्ताच नसेल, चिन्ह फिरत राहून पाऊण मिनिटाने ‘जोडणी झाली नाही’ असा निरोप येत असेल, तर पलीकडून पत्ता द्यायला कुणी तयार नाही. पाऊण मिनिट हा अंदाज नाही. लिनक्समधला नेटवर्क मॅनेजर डीएचसीपीच्या उत्तराची ४५ सेकंद वाट बघतो.

यादीत कार्डच नाही, असंही होतं. नव्या मदरबोर्डवर रिअलटेकचं अडीच गिगाबिटचं आरटीएल ८१२५ कार्ड असतं. २०१९ च्या अखेरीस आलेल्या ५.४ कर्नलच्या, म्हणजे गाभ्याच्या त्या आवृत्तीच्या, आधीच्या लिनक्सला ते ओळखता येत नाही. नवी आवृत्ती टाका, ड्रायव्हर स्वतः जुळवत बसू नका. एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील, तर विंडोज बंद करताना काही कार्डं झोपी जातात आणि लिनक्सने हाक मारली तरी उठत नाहीत. यावर इलाज गावठी आहे, पण चालतो: कॉम्प्युटर बंद करून प्लग काढा, अर्धा मिनिट थांबा, परत लावा. काहीच जमेना, तर अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून फोनवर यूएसबी टेदरिंग सुरू करा. लिनक्स त्या फोनलाच वायरचं नेट समजतो, आणि अपडेट उतरवण्यापुरतं काम भागतं.

डेबियन लिनक्स वापरणाऱ्यांसाठी एक वेगळी खोड सांगून ठेवतो. वायरचं नेट लावून डेबियन टाकलं असेल, तर कधीकधी त्या कार्डाचं नाव ‘इंटरफेसेस’ नावाच्या फाइलीत लिहिलं जातं. ती ‘ईटीसी’ फोल्डरातल्या ‘नेटवर्क’ फोल्डरात असते. मग नेटवर्क मॅनेजर ‘हे माझं काम नाही’ म्हणून हात वर करतो आणि पडद्यावर ‘अनमॅनेज्ड’ असं दिसतं. त्या फाइलीत तुमच्या कार्डाच्या नावाच्या ओळींपुढे हॅशचं चिन्ह टाका, ‘एलओ’ च्या ओळींना हात लावू नका, आणि यंत्र पुन्हा सुरू करा.

आता आत्याच्या घरचा, म्हणजे थेट केबलवाल्याकडून येणाऱ्या वायरीचा प्रकार. यातले बरेच जण पीपीपीओई वापरतात. १९९९ सालची ही पद्धत आहे. त्याआधी मोडेमने फोन लावून नेटला जोडायचो, तेव्हा युजरनेम-पासवर्ड द्यावा लागे. तीच रीत लॅनच्या वायरीवर आणली. विंडोजमध्ये ‘ब्रॉडबँड’ नावाचं चिन्ह डेस्कटॉपवर असायचं, दोनदा टिचकी मारून ‘कनेक्ट’ म्हणायचं, ते हेच. लिनक्समध्ये वायर खोचून ते आपोआप होत नाही, कारण पासवर्ड त्याला कुठून कळणार?

मिंटमध्ये नेटवर्कच्या चिन्हावरून ‘नेटवर्क कनेक्शन्स’ ही खिडकी उघडा. उबुंटूच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये ही सोय नाही, तिथे टर्मिनलमध्ये ‘एनएम’, मग आडवी रेघ, ‘कनेक्शन’, परत आडवी रेघ आणि ‘एडिटर’ असं जोडून टाका, तीच खिडकी येते. अधिकच्या चिन्हावर टिचकी मारा, प्रकारांच्या यादीतून ‘डीएसएल/पीपीपीओई’ निवडा. फायबर असताना डीएसएल का, असा प्रश्न पडेल. नाव जुनं आहे, दुर्लक्ष करा. ‘पेरेंट इंटरफेस’ मध्ये कागदावर उतरवलेलं कार्डाचं नाव, खाली युजरनेम आणि पासवर्ड. ‘सर्व्हिस’ ची चौकट केबलवाल्याने काही सांगितलं नसेल तर रिकामी. ‘जनरल’ मध्ये जाऊन आपोआप जोडण्याची खूण करा, म्हणजे आत्यासारख्यांना रोज काही दाबावं लागत नाही. मात्र घरात राउटर असेल आणि हे युजरनेम राउटरमध्ये भरलेलं असेल, तर कॉम्प्युटरवर पुन्हा भरू नका. एका खात्यावर एकच जोडणी मिळते, दोघांनी भांडायचं कशाला?

राउटर हे काम करत असताना एक चमत्कारिक लक्षण कधी दिसतं: काही साइट झटकन उघडतात, काही अर्ध्यावर लटकतात. इथरनेटच्या एका पाकिटात १५०० बाइट मावतात, त्यातले ८ पीपीपीओई स्वतःच्या शिक्क्यासाठी घेतं. चांगला राउटर हे सांभाळून घेतो, भिकार राउटर घेत नाही. वायर्ड जोडणीच्या सेटिंगमध्ये ‘एमटीयू’ समोर १४९२ लिहून बघा.

काही केबलवाले पासवर्डऐवजी यंत्राच्या कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक, बांधून ठेवतात. जुना कॉम्प्युटर गेला, नवा आला की नेट बंद. रीतसर मार्ग म्हणजे फोन करून नवा मॅक नोंदवायचा, तो ‘आयपी ए’ मध्ये ‘लिंक/ईथर’ या शब्दांपुढे दिसतो. फोन उचलला जात नसेल, तर जोडणीच्या ‘इथरनेट’ या भागात ‘क्लोन्ड मॅक’ अशी चौकट आहे, तिथे तुमच्याच जुन्या यंत्राचा पत्ता भरता येतो. जुनं यंत्र मात्र त्याच वायरीवर परत लावायचं नाही.

ठरावीक पत्ता हाताने भरण्याची हौस अनेकांना असते. घरात त्याची गरज जवळपास नसते. शाळेच्या लॅबमध्ये किंवा पतसंस्थेत सगळे ज्या यंत्रावर फाइली ठेवतात, त्याला ठरावीक पत्ता हवा. ‘आयपीव्ही४’ मध्ये ‘मॅन्युअल’ निवडून पत्ता, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०, नेटमास्क २४, गेटवे म्हणून राउटरचा पत्ता आणि एक डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी सेवा), असं भरायचं. तो पत्ता राउटर स्वतः वाटतो त्या यादीतला नको. नाहीतर एके सकाळी राउटर तोच पत्ता दुसऱ्या कुणाला देतो, आणि मग दोन्ही यंत्रं आलटून पालटून बंद पडतात. मी तर म्हणतो, कॉम्प्युटर ‘ऑटोमॅटिक’ वरच राहू द्या आणि राउटरमध्ये त्याच्या मॅकसाठी पत्ता राखून ठेवा.

पत्ता मिळाला, तरी ब्राउझर रुसलेलाच? मग आधी वायफाय बंद करा, नाहीतर तपासणार वायर आणि उत्तर देणार वायफाय. मग तीन हाका मारा. ‘पिंग’ आणि राउटरचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१. उत्तर आलं, तर घरातलं नेटवर्क ठीक. ‘पिंग’ आणि ८.८.८.८. उत्तर नाही आलं, तर दोष राउटरच्या पलीकडे, फोन करायला हरकत नाही. आलं, तर ‘पिंग’ आणि कुठल्याही साइटचं नाव. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला येत नाही, म्हणजे डीएनएस झोपलाय. जोडणीच्या ‘आयपीव्ही४’ मध्ये डीएनएसच्या चौकटीत १.१.१.१ किंवा ९.९.९.९ भरा, जोडणी बंद करून सुरू करा. पिंग थांबवायला कंट्रोल आणि सी. विंडोजसारखं चारदा करून ते आपणहून थांबत नाही.

तिन्ही हाकांना उत्तर आलं आणि तरीही ब्राउझर ‘ही साइट सुरक्षित नाही’ म्हणून अडवत असेल, तर घड्याळ बघा. जुन्या यंत्रातल्या बटणाएवढ्या सेलचा जीव गेला की कॉम्प्युटर दर वेळी भलत्याच वर्षात जागा होतो. त्या हिशेबाने साइटचं प्रमाणपत्र अजून निघालेलंच नसतं. सेल सीआर २०३२ नावाचा, घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

पावसाळ्याचं एक सांगायचं राहिलं. गच्चीवरून उघड्यावर आलेली तांब्याची लॅन वायर असेल, तर वीज कडाडायला लागल्यावर ती कॉम्प्युटरमधून काढून ठेवा, नुसता प्लग काढून भागत नाही. आसपास वीज पडली तरी त्या वायरीतून झटका येतो आणि पोर्ट जातो. फायबरच्या काचेतून तो येत नाही, पण डबीपासून पुढची वायर तांब्याचीच असते. पोर्ट गेलाच, तर मदरबोर्ड बदलायला काढू नका. यूएसबी-टू-लॅन जोडणी मिळते, लिनक्स ती बहुधा लगेच ओळखतो, फक्त कार्डाचं नाव नवं होईल. पीपीपीओईच्या ‘पेरेंट इंटरफेस’ मध्ये ते बदलायला विसरू नका.

आत्याच्या सीपीयूच्या डाव्या बाजूला आता एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर कार्डाचं नाव, युजरनेम, पासवर्ड आणि राउटर नसल्याची नोंद आहे. तुमच्याकडे असा कागद नसेल, तर नेट चालू आहे तोवर आजच केबलवाल्याला फोन करून तो लिहून घ्या. बंद पडल्यावर तो फोन उचलत नाही.